जेवणाच्या पानावर सरकार कशाला येतं?

"मॅडम, आमच्याकडे हल्ली राजकारणावरून जेवणं अर्धवट राहतात." मी कौटुंबिक समुपदेशक, आणि हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत मी इतक्यांदा ऐकलंय की फोनवर पहिले चार शब्द आले की पुढचे मला कळतात. फोन बहुतेक वेळा आईचा किंवा सुनेचा असतो. वाद वडील आणि मुलाचा. विषय ठरलेले: सरकार पैसे कुठे उधळतं, जुनी पेन्शन द्यावी की नाही, निवृत्तीचं वय वाढवावं की नाही, लाडक्या बहिणींना पंधराशे रुपये देणं परवडतं का. आणि शेवटी एकच प्रश्न, "घरात राजकारण बोलायचंच नाही असा नियम करू का?"

नका करू. का, ते एका घराच्या अनुभवातून सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तीन महिन्यांत सहा बैठका झाल्या, त्यातलं मोजकंच इथे देते आहे.

घर वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीतलं. बाबा राज्य सरकारच्या एका कार्यालयात, निवृत्तीला चौदा महिने उरलेले. मुलगा एकतीस वर्षांचा. पाच वर्षं एमपीएससीचा अभ्यास, दोनदा थोडक्यात हुकलं, आता खाजगी कंपनीत. सून नोकरी करणारी. आईनं फोन केला तेव्हा तिनं स्वतःच 'राजकारण बंद'चा नियम करून पाहिला होता. आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी बापलेक एकाच खोलीत बसून फॅमिली ग्रुपवर भांडले. मामा, आत्या, पुण्याचे काका, सगळ्यांनी वाचलं.

हा नियम का फसतो? घरात दोन माणसांमध्ये न बोललेला ताण असला की ती दोघं तिसऱ्या कुणाला तरी मध्ये आणतात. पूर्वी तो तिसरा म्हणजे शेजारी असायचा, नातेवाईक असायचे, नाहीतर घरातलं धाकटं मूल. हल्ली सरकार असतं. सरकारला काहीही म्हणता येतं, ते उलट बोलत नाही आणि रुसूनही बसत नाही. विषयावर बंदी घातली की तिसरा बाहेर जातो, ताण घरातच राहतो. मी एकेकट्या माणसाचा स्वभाव तपासण्यापेक्षा माणसांच्या मधली जागा बघते. इतक्या वर्षांत माझा या पद्धतीवरचा विश्वास वाढतच गेलाय.

पहिल्या बैठकीत दोघांनी तावातावानं आपापली बाजू मांडली.

"केंद्रात १९९८ पासून निवृत्ती साठला आहे. आम्हाला अजून अठ्ठावन्न. आमच्याच ऑफिसातल्या गट ड च्या शिपायाला साठ, मला अठ्ठावन्न. हा कुठला न्याय?"

"बाबा, तुम्ही दोन वर्षं जास्त बसलात तर तुमची जागा दोन वर्षं उशिरा रिकामी होणार. कोण भरणार ती? आम्हीच ना? आणि वर पेन्शन. सरकारचा सगळा पैसा पगार-पेन्शनमध्येच जातो."

अशा वेळी समुपदेशकानं एक चूक टाळायची असते. "भांडण खरं तर राजकारणाचं नाहीच," असं पहिल्याच दिवशी सांगायचं नाही. माणसाला तो अपमान वाटतो, आणि ते पूर्ण खरंही नसतं. इथे दोघांच्या म्हणण्यात तथ्य होतं. मंजूर पदांची संख्या ठरलेली असली की वय वाढवल्यावर रिकाम्या होणाऱ्या जागा तेवढ्या पुढे जातात, मुलाचं बरोबर. निवृत्तीच्या वेळी द्यायची मोठी रक्कम सरकारला दोन वर्षं लांबवता येते आणि अनुभवी माणूस टिकतो, बाबांचंही बरोबर. तेलंगणानं २०२१ मध्ये वय अठ्ठावन्नचं एकसष्ट केलं, आंध्रनं २०२२ मध्ये साठचं बासष्ट. तिथेही हेच दोन मुद्दे समोरासमोर आले. हा प्रश्न मुंबईतल्या एका स्वयंपाकघरात सुटणार नाही, पण तो खोटाही नाही.

म्हणून आधी त्यांना अंदाज लिहायला लावला. केंद्राच्या अर्थसंकल्पात 'रुपया कुठून येतो, कुठे जातो' असं एक पान असतं. ते झाकून ठेवलं आणि विचारलं, २०२५-२६ च्या दर रुपयातले किती पैसे पेन्शनवर जातात? मुलानं लिहिलं चाळीस. बाबांनी लिहिलं एक. पानावर होते चार. व्याजावर वीस, राज्यांच्या कर-वाट्यावर बावीस, संरक्षणावर आठ. मुलगा गप्प झाला, बाबा खूश. मग त्यांनाही सांगावं लागलं की हा केंद्राचा रुपया. तुमचा पगार राज्य देतं, आणि राज्याच्या तिजोरीत पगार, निवृत्तीवेतन आणि व्याज या तीन खर्चांचा वाटा याहून कितीतरी मोठा असतो. आता दोघंही जरा सैल झाले. हा अंदाजाचा खेळ घरीही करता येतो. अट एवढीच, आकडा आधी कागदावर लिहायचा, मग बघायचं. तोंडी सांगितलेला आकडा नंतर प्रत्येकाला वेगळा आठवतो.

तिसऱ्या बैठकीत कागद दिला. मी त्याला 'कर्ता बदलणं' म्हणते. जरा सविस्तर सांगते, कारण करायला सोपं वाटतं आणि हमखास चुकतं.

मोठा कोरा कागद उभा दुमडायचा, मधोमध घडी. डाव्या बाजूला शेवटच्या भांडणात आपण स्वतः बोललेली पाच वाक्यं, जशीच्या तशी, चढ्या आवाजातल्या शब्दांसकट. उजव्या बाजूला तीच वाक्यं, पण 'सरकार', 'लोक', 'पिढी', 'ते' हे कर्ते काढून टाकायचे. फक्त 'मी', 'मला', 'माझं'. दोघांनी वेगवेगळ्या टेबलांवर बसून, पंधरा मिनिटं. मग आपला कागद आपण वाचायचा नाही. समोरच्याच्या हातात द्यायचा, त्यानं मोठ्यानं वाचायचा.

चुका कुठे होतात? 'तू' हा शब्द पहिल्या फेरीत चालणार नाही हे आधी सांगितलं नाही, तर उजवी बाजू आरोपांनी भरते: "तू माझं कधी ऐकत नाहीस." भांडणानंतर लगेच करायला बसलात तर डावी बाजू संपतच नाही, मध्ये दोन रात्री जाऊ द्या. मोबाइलवर लिहू नका. टाइप केलेलं पुसलं जातं किंवा पुढे पाठवलं जातं. पेननं लिहिलेलं, खोडलेलं दिसतं, आणि खोडलेलं दिसणं महत्त्वाचं असतं. किती, ते या घरानं दाखवलं.

मुलानं बाबांचा कागद वाचला. डावीकडे: "सरकारनं निवृत्तीचं वय साठ केलंच पाहिजे." उजवीकडे: "मला अजून दोन वर्षं हवी आहेत."

मी विचारलं, "काका, दोन वर्षांत काय होईल?"

ते बराच वेळ चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "घर सोडावं लागेल, मॅडम."

मुलाला वाटत होतं, बाबांनी काहीतरी व्यवस्था करून ठेवली असेल. काहीच नव्हती. क्वार्टर निवृत्तीनंतर काही महिन्यांत रिकामं करायचं. नवं घर घ्यायचं तर भिस्त उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या रकमेवर. आणि क्वार्टर सोडल्याचा, काही देणं बाकी नसल्याचा दाखला मिळेपर्यंत तीच रक्कम अडकू शकते. म्हणजे घर सोडल्याशिवाय पैसा नाही, पैशाशिवाय घर नाही. ही गाठ तो माणूस वर्षभर एकटा मनात सोडवत होता. रोज रात्री नऊच्या बातम्यांसमोर तो 'साठ, साठ' म्हणत होता, ते या दोन वर्षांसाठी.

मग बाबांनी मुलाचा कागद घेतला. डावीकडे: "तुमच्या पिढीनं सगळं खाल्लं, आमच्यासाठी काही उरलंच नाही." उजवीकडे: "मला पेन्शन नाही. मला काळजी वाटते." बाबांनी वाचलं, थांबले, कागद खिडकीकडे धरला. 'काळजी'च्या आधी एक शब्द खोडलेला होता. तोही त्यांनी वाचला, हळू आवाजात. "भीती. हे 'भीती' लिहिलं होतंस का रे?"

मुलगा काही बोलला नाही. मान हलवली. आई पदराशी चाळा करत खाली बघत होती. चांगली तीन मिनिटं कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी तोंडावर आलेलं शहाणं वाक्य गिळून टाकणं हे या कामात शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्या दिवशी ते मला जमलं याचं समाधान आजही आहे. शांतता बाबांनीच मोडली. "तुला किती मिळेल रे, रिटायर झाल्यावर?" एवढ्या वर्षांच्या वादात हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नव्हता.

मुलानं हिशोब मांडला. ईपीएसमध्ये, म्हणजे खाजगी नोकरीतल्यांच्या पेन्शन योजनेत, २०१४ ला ठरलेली १५,००० पगाराची मर्यादा धरली, तर सेवेची पस्तीस वर्षं मोजली गेली तरी १५,००० गुणिले ३५ भागिले ७०, म्हणजे महिना ७,५००. त्यावर महागाई भत्ता नाही. बाबांनी आकडा दोनदा विचारला. त्यांचं मूळ वेतन हिशोबाच्या सोयीसाठी साठ हजार धरलं, तर जुन्या योजनेत निम्मं, तीस हजार, वर महागाई. ते २००५ च्या १ नोव्हेंबरच्या आधी लागले म्हणून. नंतर लागलेल्यांना ती योजना राहिली नाही, आणि मार्च २०२३ चा सात दिवसांचा संप त्यासाठीच झाला होता. त्या संपात बाबा गेटवर उभे होते आणि मुलानं घरी त्यांची टिंगल केली होती. तेही त्या दिवशी निघालं, पण आता त्याला धार नव्हती.

माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये एक गोष्ट मला परत परत दिसते. ज्या घरात 'सरकार' हा शब्द फार वेळा येतो, तिथे बहुतेक घराचाच एखादा निर्णय तुंबलेला असतो, आणि तो निर्णय घ्यायला तारीख असते. त्या निर्णयाचं नाव कुणी घेत नाही म्हणून सरकारचं घेतलं जातं. तेव्हा वाद दोन वह्यांत वाटून घ्या. एका वहीत सरकारनं ठरवायचे प्रश्न: वय, पेन्शन, अनुदानं. त्यावर मत असावं, मतदान करावं, मोर्चाला जायचं तर जावं, आणि मतभेद राहिले तर राहू द्यावेत. दुसऱ्या वहीत घरानं ठरवायचे प्रश्न, प्रत्येकापुढे तारीख. दुसरी वही आधी उघडायची. बातम्या लागण्याआधी, जेवायच्या आधी, फक्त वीस मिनिटं. जेवताना हिशोब काढू नका. भुकेलेला माणूस आकडे ऐकत नाही.

या घराच्या दुसऱ्या वहीत चार ओळी आल्या. निवृत्तीवेतनाचा प्रस्ताव सहा महिने आधी महालेखापालांकडे जायला हवा, तर सेवापुस्तकातल्या नोंदी आत्ताच तपासणं. अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणं, किती करायचं: चाळीस टक्के केलं तर तीस हजारांतले बारा हजार दरमहा कमी, पंधरा वर्षांनी पूर्ववत, महागाई मात्र पूर्ण तीस हजारांवर मिळते, हे मुलाला माहीतच नव्हतं. क्वार्टर सोडून उपदान हातात येईपर्यंत भाड्यानं कुठे राहायचं आणि ते भाडं कोण भरणार. चौथी ओळ आईची. तिचं नाव आधारवर एक, सेवापुस्तकात माहेरचं दुसरं. उद्या कुटुंब निवृत्तीवेतनाची वेळ आली तर याच फरकावर अर्ज अडतो. सगळे साठ की अठ्ठावन्न यावर भांडत असताना या ओळीकडे कुणाचं लक्षही नव्हतं. मला स्वतःला हीच ओळ सगळ्यात मोलाची वाटते.

इथे एक सांगायलाच हवं. प्रत्येक राजकीय वाद असा उलगडत नाही. जिथे जात, धर्म किंवा माणसाच्या प्रतिष्ठेवरून घरातलं कुणी दुसऱ्याला कमी लेखतं, तिथे कर्ता बदलून भागत नाही. तिथे दुखावणाऱ्यालाच थांबवावं लागतं. हात उगारला जात असेल, दारू असेल, तर हा कागद काढूच नका, आधी सुरक्षिततेचं बघा. वडील निवृत्त होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील आणि दिवसभर बातम्या लावून बसत असतील, झोप आणि भूक गेली असेल, तर वादापेक्षा उदासीनतेची तपासणी आधी हवी.

सहाव्या बैठकीला बापलेक लोकलनं एकत्र आले. बाबांचं मत बदललेलं नव्हतं, साठच. मुलाचंही नव्हतं. गाडीत त्यावर वाद झाला म्हणून दादरला उतरायचं राहिलं आणि प्रभादेवीहून मागे यावं लागलं, असं मुलानं सांगितलं. बाबांनी पिशवीतून अर्जासाठी काढलेला दोघा नवरा-बायकोचा फोटो दाखवला. सेवापुस्तकात नाव दुरुस्त करायचा अर्ज कार्यालयात दिला होता, त्याची पोचही त्याच पाकिटात होती.