खाली बसवलेल्या गाडीसाठी (लोअरिंग स्प्रिंग टाकलेत) कोणता ट्रॉली जॅक घ्यावा?

लो-प्रोफाइल ट्रॉली जॅक घ्या, आणि टनांच्या आधी त्याची किमान उंची बघा: ७५ ते ८५ मिमीच्या आसपास हवी. साधा ट्रॉली जॅक पूर्ण खाली असतानाही साधारण १३० मिमीचा असतो, तुमच्या गाडीखाली शिरणारच नाही. दुकानात जाण्याआधी एका टायरची हवा काढा आणि तिथल्या जॅक पॉइंटपासून (गाडीखाली जॅक टेकवायची ठरलेली जागा) जमिनीपर्यंत पट्टीने मोजा. पंक्चर झाल्यावर गाडी आणखी खाली येते, आणि जॅक लागतो तो नेमका तेव्हाच. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर घेणार असाल तर वाटीच्या (जॅकचा गाडीला टेकणारा गोल भाग) मागचा सांगाडाही बघून घ्या. वाटी आत जाते आणि सांगाडा बंपरला अडतो, पुढून लावताना माझं हेच झालं होतं. हॅचबॅक-सेडानला २ टन पुरे. वाटीवर खाचेचं रबर पॅड ठेवा, नाहीतर पत्र्याची कड चेपते. फक्त एक: सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर जॅकची छोटी चाकं अडकतात आणि गाडी उचलताना जॅक सरकायला हवा, म्हणून खाली १२ मिमीचा प्लाय टाकावा लागतो. तेवढी जाडी मोजलेल्या उंचीतून वजा करा. गाडीखाली शिरायचं असेल तर जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवून ठेवायचे पक्के पाय) लावूनच.