गुलामगिरी कायद्याने संपली, पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं पुढे काय झालं?

तुमचा प्रश्न असा आहे : जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त केल्याबद्दल अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, तर तिथे सुटलेल्या गुलामांचं पुढे खरंच भलं झालं का?

माझं उत्तर : बेड्या तुटल्या, पण जमीन मिळाली नाही. आणि पायाखाली स्वतःची जमीन नसल्यामुळे मिळालेलं बाकी सगळंही पुढच्या तीस वर्षांत त्यांच्या हातून काढून घेता आलं.

जमीन मिळता मिळता गेली, हे मला फार लागतं. जानेवारी 1865 मध्ये, गुलामगिरीवरून पेटलेली यादवी संपत आली असताना, उत्तरेच्या फौजेच्या जनरल शर्मनने दक्षिणेतल्या साउथ कॅरोलिना, जॉर्जियाच्या किनाऱ्यावरची जमीन कुटुंबामागे 40 एकरांपर्यंत वाटायचा हुकूम काढला. सुमारे 40,000 माणसं तिथे वसली, पेरणी झाली. लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने मात्र जुन्या मालकांना माफी देऊन जमिनी परत करायला घेतल्या. हे सांगायचं काम सुटलेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचा प्रमुख जनरल हॉवर्ड याच्यावर आलं. ऑक्टोबर 1865 मध्ये साउथ कॅरोलिनातल्या एडिस्टो बेटावरच्या चर्चमध्ये माणसं दाटीवाटीने बसली होती. हॉवर्ड म्हणाला, मालकांना क्षमा करा आणि त्यांच्याकडेच मजुरी धरा. लढाईत त्याचा उजवा हात गेला होता. बेटावरच्या लोकांनी त्याला नंतर पत्र लिहिलं, त्याचा आशय असा : तुमचा फक्त हात गेला, तुम्ही क्षमा करू शकाल; पण ज्याने मला झाडाला बांधून 39 फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून झोडपलं, त्याला मी कशी क्षमा करू? उपयोग झाला नाही.

मग राहिली वाट्याची शेती. माझ्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्याचं रान अर्धेलीने केलं, त्यामुळे हा हिशोब मला लगेच कळला. मालक जमीन, खोपटं, खेचर आणि बी देणार, निम्मा कापूस घेणार. पण पीक हाती येईपर्यंत खायचं काय? मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, काकवी, सगळं दुकानातून उधार. उधारीचा भाव रोखीपेक्षा बराच चढा, आणि तारण म्हणजे शेतात उभं असलेलं पीक. दुकानदाराला कापूसच हवा असायचा, म्हणून दाराशी मका लावायचीही मोकळीक नसे. हंगामाअखेर कापूस काट्यावर चढला की मालक वही उघडून बाकी सांगायचा. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामांना लिहावाचायला शिकवणं हाच गुन्हा होता, मग ती वही तपासणार कोण? बाकी निघाली की पुढचं वर्ष त्याच मालकाकडे. 1894 च्या सुमाराला कापूस पाउंडाला पाच सेंटांच्या आसपास आला, तेव्हा तर बाकी फिटायचा प्रश्नच उरला नाही. (1875 साली आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खतं जाळली, त्यामागेही अमेरिकन यादवीत चढून नंतर कोसळलेला कापसाचा भाव होताच.)

फुल्यांची अर्पणपत्रिका भाबडी होती असं मात्र मी म्हणणार नाही. 1870 साली मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ सिनेटवर, म्हणजे अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहात, गेले होते. 1870 ते 1901 या काळात दक्षिणेतून 22 कृष्णवर्णीय काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, बसले. फुल्यांनी जे वाखाणलं ते खरोखर घडत होतं. पण त्याच 1873 च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्सला गोऱ्या टोळीने कृष्णवर्णीय आत असलेल्या कोर्टकचेरीला आग लावली आणि शरण आलेल्या कृष्णवर्णीयांनाही गोळ्या घातल्या. जी थोडी शिक्षा झाली, तीही सर्वोच्च न्यायालयाने 1876 साली रद्द केली. 1877 मध्ये हेज अध्यक्ष झाले आणि दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या मतांवर आलेल्या सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं लष्कर मागे घेतलं गेलं.

त्यानंतर मताधिकार गेला, आणि तो कागदोपत्री नियमाने गेला. रंगावरून मताधिकार नाकारायला बंदी करणाऱ्या अमेरिकन राज्यघटनेच्या 15व्या दुरुस्तीमुळे रंगाचं नाव घेता येत नव्हतं. म्हणून मिसिसिपीने 1890 साली दोन डॉलर मतदानकर लावला आणि राज्याच्या घटनेतलं कलम वाचून किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगायची अट घातली. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार नोंदणी करणारा गोरा कारकून. गरीब, निरक्षर गोरे यात सापडू नयेत म्हणून लुइझियानाने 1898 साली सूट दिली : ज्याचा बाप किंवा आजा 1 जानेवारी 1867 पर्यंत मतदार होता, त्याला अट नाही. तोवर तिथल्या एकाही सुटलेल्या गुलामाला मत नव्हतं. त्या राज्यात 1896 साली 1,30,334 कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, 1900 साली उरले 5,320.

मार्च 1901 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचे जॉर्ज हेन्री व्हाइट यांची मुदत संपली. त्यानंतर 1929 पर्यंत काँग्रेसच्या एकाही बाकावर कृष्णवर्णीय माणूस बसला नाही, आणि 1929 साली जो आला तो शिकागोहून, उत्तरेतून.