कोळशाच्या उघड्या खाणी : राज्याचा निरीक्षक आणि वॉशिंग्टनची देखरेख

अमेरिकेतील उघड्या कोळसा खाणींवर राज्यांचे नियंत्रण आणि त्या नियंत्रणावर केंद्र सरकारची देखरेख कशी चालते, याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या घरापासून हजारेक फुटांवर उघडी खाण आहे. सुरुंगांमुळे भिंतींना तडे गेले आणि विहिरीचे पाणी गढूळ झाले. राज्याचा निरीक्षक येऊन 'नियमभंग आढळला नाही' असे लिहून गेला. वर दाद मागता येते का? (मॉर्गनटाउन, वेस्ट व्हर्जिनिया)

दाद मागता येते, आणि ती मागावीच. १९७७ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक नागरिकाला हा हक्क दिला आहे. आपण सही केलेली लेखी तक्रार 'ऑफिस ऑफ सरफेस मायनिंग' या केंद्रीय कार्यालयाकडे पाठवली आणि तिच्यातील मजकुरावरून नियमभंग झाला असावा असे मानण्यास जागा असली, तर ते कार्यालय राज्याला नोटीस पाठवते. दहा दिवसांच्या आत राज्याने एकतर योग्य कारवाई करायची असते, नाहीतर कारवाई न करण्याचे सबळ कारण द्यायचे असते. यांपैकी काहीच झाले नाही, तर केंद्राचा निरीक्षक स्वतः खाणीवर जातो. तक्रारीवरून अशी तपासणी झाली तर त्याच्याबरोबर खाणीत जाण्याचा हक्क तक्रारदाराला आहे. तो सोडू नका, कारण कोणत्या दिवशी कोणत्या कोपऱ्यात काय घडले हे आपल्याइतके कोणालाच ठाऊक नसते. जीविताला तातडीचा धोका असेल, तर दहा दिवस थांबण्याची गरज नसते आणि काम जागच्या जागी बंद करण्याचा आदेश देता येतो.

मात्र तक्रार कशी लिहिली आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते. 'सुरुंगांचा फार त्रास होतो' एवढ्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. केंद्राच्या किमान नियमांनुसार स्फोटाच्या जागेपासून ३०१ ते ५,००० फुटांवरील घराजवळ जमिनीच्या कंपनाचा वेग सेकंदाला एक इंचापेक्षा जास्त असता कामा नये, आणि प्रत्येक स्फोटाची नोंद खाणीने तीन वर्षे जपून लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवली पाहिजे. ती नोंद मागा आणि आपण टिपलेल्या तारखा व वेळा तिच्याशी ताडून पाहा. अर्ध्या मैलाच्या आतील रहिवाशाने मागणी केल्यास सुरुंग लावण्यापूर्वी घराची पाहणी करून देणे खाणीवर बंधनकारक असते. ॲपलाशियात, म्हणजे पूर्व अमेरिकेतील डोंगराळ कोळसा पट्ट्यात, काम करताना अशा पाहण्या मी अनेक वर्षे जवळून पाहिल्या आहेत. काळजीने काम करणारा माणूस खोलीमागून खोली घेतो, प्रत्येक तड्याच्या टोकाशी पेन्सिलीने बारीक रेघ ओढून तारीख लिहितो, शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र काढतो आणि विहिरीच्या पाण्याची पातळीही मोजतो. सहा महिन्यांनी तडा त्या रेघेपलीकडे गेलेला दिसला, तर त्यावर वाद घालणे अवघड होते. आपल्या घराची अशी पाहणी झाली नसेल, तर निदान आजच्या तड्यांवर आजची तारीख घाला.

तक्रारीची प्रत राज्याच्या कार्यालयालाही द्या. नोटीस काढण्यापूर्वी केंद्राने राज्याकडून कितपत माहिती घ्यावी, याविषयीचे नियम २०२० मध्ये राज्यांना सोयीचे झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा कडक झाले. हा नियम सरकारागणिक हलत असल्याने तक्रार करताना त्या वेळी लागू असलेला मजकूर पाहून घ्यावा. माझे मत स्पष्ट आहे : राज्याचे उत्तर टेबलावर वाचून फाईल बंद करणे ही देखरेख नव्हे. देखरेख करणाऱ्याने चिखलात उतरून ओढ्याचे पाणी पाहिले पाहिजे.

प्रश्न : कायदा केंद्राचा असताना अंमलबजावणी राज्यांकडे का? (खाण अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर)

२६ फेब्रुवारी १९७२ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक खोऱ्यात कोळसा खाणीच्या टाकाऊ गाळाने बांधलेला बंधारा फुटला. त्यात १२५ माणसे दगावली आणि चार हजारांवर लोक बेघर झाले. त्या वेळी खाणींवर राज्यांचेच कायदे होते. एका राज्याने नियम कडक केले की कोळशाचा धंदा शेजारच्या राज्यात जाईल, ही भीती प्रत्येकाला होती. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी हा कायदा दोनदा अडवला आणि अखेर ३ ऑगस्ट १९७७ रोजी कार्टर यांनी त्यावर सही केली. सगळ्या राज्यांना किमान नियम एकच असावेत आणि त्याहून कडक नियम करण्याची मुभा राज्यांना असावी, अशी त्याची रचना आहे. डोंगर, पाऊस आणि माती राज्यागणिक वेगळी असल्याने, आपला कायदा केंद्राच्या तोडीचा आहे हे दाखवून देणाऱ्या राज्याला प्राथमिक अधिकार मिळतो. त्यालाच तिकडे 'प्रायमसी' म्हणतात. अशा राज्याने प्रत्येक चालू खाणीची महिन्याला एक अंशतः आणि तिमाहीला एक पूर्ण तपासणी करायची असते.

ही जबाबदारी राज्यावर सक्तीने लादलेली नाही. राज्याने ती नाकारली तर सगळा भार केंद्र उचलते, आणि १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवताना हेही एक कारण दिले. टेनेसीने १९८४ मध्ये हा अधिकार सोडून दिला, तेव्हा तेथील कारभार केंद्राच्या कार्यालयाने थेट आपल्याकडे घेतला. राज्य कमी पडल्यास केंद्राला त्याचा अधिकार काढूनही घेता येतो, पण ही टोकाची तरतूद क्वचितच वापरली जाते, म्हणूनच रोजच्या व्यवहारात दहा दिवसांच्या नोटिशीला एवढे महत्त्व आहे.

प्रश्न : कंपनी दिवाळखोरीत निघाली तर खड्डा कोण भरणार? (पुणे)

परवाना मिळण्यापूर्वीच कंपनीने हमीची रक्कम, म्हणजे बाँड, भरायचा असतो. कंपनी नाहीशी झाली तरी त्या पैशातून जमीन पूर्ववत करता यावी, हा त्यामागचा हेतू आहे. खड्डा भरून जमिनीला साधारण मूळचा उतार दिल्यावर ६० टक्क्यांपर्यंत रक्कम मोकळी होते. उरलेली रक्कम गवत आणि झाडोरा रुजेपर्यंत अडकून राहते. पेरणीनंतरची ही जबाबदारी पाच वर्षांची असते आणि वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस पडणाऱ्या भागात दहा वर्षांची. रक्कम सोडण्यापूर्वी स्थानिक वृत्तपत्रात चार आठवडे जाहिरात द्यावी लागते आणि शेवटच्या जाहिरातीनंतर तीस दिवसांत, ज्याच्या कायदेशीर हिताला बाधा येऊ शकते अशा कोणालाही लेखी हरकत घेता येते. दुर्दैवाने ही जाहिरात फार थोडे लोक वाचतात.

यातील कच्चा दुवा म्हणजे कंपनीला स्वतःच्याच ताळेबंदाच्या जोरावर हमी देऊ देण्याची सवलत. अल्फा नॅचरल रिसोर्सेस ऑगस्ट २०१५ मध्ये, आर्च कोल जानेवारी २०१६ मध्ये आणि पीबॉडी एप्रिल २०१६ मध्ये, अशा मोठ्या कोळसा कंपन्या दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या, तेव्हा वायोमिंगसारख्या राज्यांकडे अशी कागदी हमी मोठ्या प्रमाणावर पडून होती. ही सवलत देणे राज्यांच्या मर्जीवर आहे. माझ्या मते ती कोणत्याही राज्याने देऊ नये, कारण हमीची गरज नेमकी ज्या दिवशी पडते, त्याच दिवशी अशी हमी देणाऱ्याचा खिसा रिकामा असतो.

प्रश्न : कायदा येण्याआधी सोडून दिलेल्या खाणींचे काय? (पिट्सबर्ग)

त्यांच्यासाठी वेगळा निधी आहे. चालू खाणींकडून टनामागे शुल्क घेऊन तो उभा राहतो. १९७७ मध्ये उघड्या खाणीच्या कोळशावर हे शुल्क ३५ सेंट होते, २०२१ च्या कायद्याने ते २२.४ सेंटांवर आणले. त्याच कायद्याने पंधरा वर्षांसाठी सुमारे ११.३ अब्ज डॉलरही दिले. आपल्या आवारात जुन्या खाणीचे लालसर पाणी झिरपत असेल, तर राज्याच्या जुन्या खाणींविषयीच्या कार्यालयाला कळवा.

प्रश्न : आपल्याकडे अशी काही व्यवस्था आहे का? (चंद्रपूर)

आपल्याकडची रचनाच निराळी आहे. आपल्या भागातील कोळसा खाणी चालवणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स ही केंद्राच्या मालकीची कंपनी आहे आणि कोळशाचे नियमनही मुख्यतः केंद्राकडेच आहे, त्यामुळे राज्याच्या खांद्यावरून केंद्राने पाहण्याचा प्रश्न तसा उद्भवत नाही. कोळसा खाणी बंद करण्याविषयीच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उघड्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख रुपये या दराने एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच पैसे काढता येणाऱ्या राखीव खात्यात, पैसे ठेवण्याची पद्धत आणली. ती बाँडच्या जवळ जाते. परंतु नागरिकाच्या एका पत्रावरून दहा दिवसांचे घड्याळ सुरू व्हावे, अशी तरतूद आपल्याकडे नाही, आणि ती असावी असे मला मनापासून वाटते.

तोवर हाताशी असलेला कागद वापरा. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रत्येक खाणीने, मंजुरीच्या अटी कितपत पाळल्या याचा अहवाल २००६ च्या अधिसूचनेनुसार दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक असतो. आपल्या गावाशेजारच्या ओबीच्या (कोळशावरून उकरून काढलेल्या माती-दगडांच्या) ढिगावर किती झाडे लावली असे त्यात लिहिले आहे ते पाहा आणि ढिगाखाली उभे राहून मोजा. आकडे जुळले नाहीत, तर छायाचित्रांसह केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूर येथील प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या.