वाचकांचे प्रश्न : पिल्ले कवचातच का मेली?

प्रश्न : आम्ही दापोलीजवळच्या एका गावात राहतो. घरी १८ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. एकही कोंबडी खुडूक होईना, म्हणून जुलैमध्ये पंखा असलेले छोटे उबवणी यंत्र आणले आणि पंधरा दिवसांत जमवलेली ३६ अंडी त्यात ठेवली. तापमान ३७.५ अंश सेल्सिअस होते आणि पाण्याचे भांडे आम्ही कधी रिकामे होऊ दिले नाही. सातव्या दिवशी टॉर्चच्या उजेडात आठ अंडी कोरी दिसली, चारांत लाल कडे दिसले. शेवटी १४ पिल्ले निघाली. उरलेली दहा अंडी फोडली, तर आत पूर्ण वाढलेली पण ओलीचिंब पिल्ले मेलेली होती. यंत्रात दोष असेल का?

उत्तर : न उबलेली अंडी टाकून न देता तुम्ही फोडून पाहिलीत, हे फार बरे केलेत; कारण अंडे कोणत्या दिवशी बिघडले हे कळले की कारण शोधणे सोपे होते. तुमच्या वर्णनावरून यंत्रापेक्षा पाण्याच्या भांड्याचाच संशय अधिक येतो.

उबवणीच्या काळात अंड्यातील पाणी कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू उडून जावे लागते, आणि त्याची जागा बोथट टोकाकडील हवेची पोकळी घेते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण १२ टक्क्यांनी घटले पाहिजे, म्हणजे ४५ ग्रॅमचे गावरान अंडे ३९-४० ग्रॅमवर यायला हवे. हवा फार दमट असली तर पाणी आतच राहते, पोकळी लहान राहते आणि कवच फोडण्यापूर्वी त्या पोकळीतील हवेवर पहिला श्वास घेणाऱ्या पिल्लाला ती अपुरी पडते. ओलीचिंब मेलेली पिल्ले बहुधा हेच सांगतात. पहिले १८ दिवस यंत्रात ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता पुरते. कोकणातील पावसाळ्यात बाहेरची २६ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआपच ४५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान येते; त्यामुळे जुलैमध्ये भांड्याची गरजच नव्हती. हेच यंत्र एप्रिलमध्ये मराठवाड्यात चालवले असते, तर भांडे भरलेले ठेवणे योग्य ठरले असते. शेवटचे तीन दिवस मात्र आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी आणि अंडी फिरवणे थांबवावे. यंत्राबरोबर आलेल्या आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास ठेवण्यापेक्षा सगळी अंडी एकत्र वजन करून पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते.

आता त्या आठ कोऱ्या अंड्यांविषयी. एका कोंबड्यामागे दहाच्या आसपास कोंबड्या असाव्यात. तुमच्याकडे १८ आहेत, तेव्हा काही अंडी फलित नसणारच. मात्र कोरे दिसणारे प्रत्येक अंडे निष्फळ असते असे नाही, काहींतील गर्भ पहिल्या एक-दोन दिवसांतच मेलेला असतो. लाल कडे म्हणजे रक्तवाहिन्या तयार झाल्यानंतर पहिल्या आठवड्यात गर्भ मेला. एकदा तापमान फार चढल्यानेही असे होते, पण तुमच्या बाबतीत पंधरा दिवसांची साठवण हे अधिक संभवनीय कारण आहे. उबवणीची अंडी निमुळते टोक खाली ठेवून थंड जागी ठेवावीत, फ्रिजमध्ये नव्हे, आणि सात दिवसांहून अधिक थांबू नये.

उजेडात पाहण्यासाठी पुठ्ठ्याला अंड्याच्या बोथट टोकाहून लहान भोक पाडून टॉर्चवर धरावे, खोलीत अंधार करावा आणि काही सेकंदांत अंडे परत ठेवावे. जिवंत अंड्यात सातव्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा व त्यांच्या मध्याशी हलणारा काळा ठिपका दिसतो. तपकिरी कवचाच्या अंड्यांत हे नीट दिसत नाही, म्हणून शंका असेल तर पेन्सिलीने खूण करून चौदाव्या दिवशी पुन्हा पाहावे. अठराव्या दिवशी हवेची पोकळी सोडून बाकीचे अंडे काळोखे दिसले पाहिजे. त्या पोकळीची कड दर वेळी पेन्सिलीने आखली असती, तर ती वाढत नाही हे तुमच्या चौदाव्या दिवशीच लक्षात आले असते.

प्रश्न : पिल्लाने कवच टोचून दहा तास झाले, पुढे काहीच हालचाल नाही. हाताने सोडवावे का?

उत्तर : नाही. टोचल्यापासून बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास लागू शकतात. त्या वेळात पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि आतील पापुद्र्याच्या शिरांतील रक्तही आटत असते. आपण कवच सोलले तर रक्तस्राव होतो. शिवाय झाकण उघडल्याने ओलावा निघून जातो आणि शेजारच्या अंड्यांतील पापुद्रे पिल्लांना घट्ट चिकटतात. निघालेली पिल्ले सुकेपर्यंत आतच राहू द्यावीत. पोटातील बलकावर ती दिवसभर सहज तग धरतात.