इंदूरहून रोड सायकलने महेश्वरला जायचंय, भरवशाचा नकाशा कोणता?

एकच असा कुठलाच नाही. आणि फोनवर रेघ दिसली म्हणजे रस्ता असणारच, असं ज्याला वाटतं त्याच्याबरोबर तर जाऊच नका. उदाहरणार्थ माझा मेव्हणा.

महू, जाम दरवाजाचा घाट, मंडलेश्वर असं ठरलं होतं, श्रावणात. घाट मस्त उतरलो, खाली निमाडात आल्यावर हा म्हणे, भावजी, ॲप इकडून दाखवतंय, अंतर कमी पडेल. मी नको म्हटलं तर वळलासुद्धा! आधी डांबर, मग गिट्टी, मग सरळ काळी माती. रोड सायकलचे 25 मिमीचे टायर, ब्रेकखाली करंगळीसुद्धा जात नाही, त्यात तो चिखल असा बसला की पुढचं चाक फिरेचना, काटकीने खरवडा, चार पावलं ढकला, परत तेच. कपाशीतला एक माणूस म्हणाला, ‘भिया, अभी तो इधर ट्रैक्टर भी नी जाता.’ शेवटी सायकली खांद्यावर. मेव्हणा अजून म्हणतो पाऊस होता म्हणून, नाहीतर शॉर्टकट बरोबरच होता. अरे, पण श्रावणात पाऊस नाही तर काय पडणार?

तर ओपनस्ट्रीटमॅप बघा, लोकांनीच मिळून बनवलेला फुकट नकाशा, कुणीही त्यात भर घालू शकतो. सायकलओएसएम म्हणून त्याचंच सायकलवाल्यांसाठी रूप आहे. रस्त्याच्या माहितीत ‘सरफेस’ असतं, म्हणजे डांबरी की कच्चा, ते रिकामं असेल तर कच्चाच धरून चाला आणि सॅटेलाइटवर झूम करा. स्ट्राव्हा ॲपचा हीटमॅपही चांगला, लोक कुठून किती जातात ते त्यात दिसतं, पण खेड्यातली फिकट रेघ एखाद्या एमटीबीवाल्याची, म्हणजे जाड टायरच्या माउंटन बाइकवाल्याची असू शकते. सासरे सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 च्या नकाशाच्या शीटची शपथ घेतात, चढउतार समजायला ती झकास, पण रस्ता आज डांबरी आहे का ते तिच्यावरून कळत नाही. ॲपमधले घाटाच्या चढाचे टक्के फार मनावर घेऊ नका, बऱ्याच ॲपमधली उंची 2000 साली स्पेस शटलमधून केलेल्या रडार मोजणीची असते, साधारण 30 मीटरचे चौकोन, डोंगर कापून काढलेल्या रस्त्यावर कडेचा उतारच धरला जातो आणि 6 टक्क्यांचे 15 दिसतात.

त्या रस्त्याला मी ओपनस्ट्रीटमॅपवर ‘कच्चा’ लावून टाकलंय, मेव्हण्याला लिंकही पाठवली, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

हां, मेन रोडनेच जाणार असाल तर कुठलंही ॲप चालेल, एवढा व्याप नको. फक्त एबी रोडच्या, म्हणजे आग्रा-मुंबई हायवेच्या घाटात ट्रक फार, त्यापेक्षा जाम दरवाजाच बरा. पावसाळ्यात तिथे धुकं असतं, मागचा लाइट लावून जा.