अळीत बनवलेली लस कोंबडीला कशी चालते?

प्रश्न: माझा छोटा पोल्ट्री फार्म आहे, गंबोरोच्या (पिल्लांना होणारा व्हायरसचा रोग) लसीवर दर बॅचला खर्च होतोच. आता म्हणे अळ्यांमध्ये लस बनवतात आणि ती स्वस्त पडते. म्हणजे अळ्या कोंबड्यांना खायला घालायच्या का? आणि अळीतला व्हायरस कोंबड्यांना लागला तर?

उत्तर: नाही हो, अळ्या खायला घालायच्या नाहीत, अळी म्हणजे इथे नुसता कारखाना आहे. बॅक्युलोव्हायरस नावाचा एक व्हायरस फक्त किड्यांनाच होतो आणि अळीत शिरला की स्वतःभोवती वेष्टण करायला पॉलिहेड्रिन नावाचं प्रोटीन ढिगाने बनवतो. हे प्रोटीन नसलं तरी लॅबमध्ये त्याचं काही अडत नाही, म्हणून 1983 मध्ये मॅक्स समर्स आणि गेल स्मिथ या शास्त्रज्ञांनी तो जीन काढून त्या जागी दुसराच जीन बसवायची पद्धत दाखवली, आणि मग व्हायरस त्याच जोरात आपल्याला हवं ते प्रोटीन बनवायला लागतो! गंबोरोसाठी तिथे व्हीपी2 चा जीन घालतात, म्हणजे गंबोरोच्या व्हायरसचं बाहेरचं कवच. हे कवच आपोआप जुळून पोकळ गोळे होतात, आत रोगाच्या व्हायरसचा जीनोम (त्याचे सगळे जीन) नसतो त्यामुळे गंबोरो होऊच शकत नाही, पण कोंबडीचं शरीर त्याला खरा व्हायरस समजून अँटीबॉडी तयार करतं. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. आणि बॅक्युलोव्हायरस कोंबडीत वाढत नाही, ती भीती सोडा.

आता स्वस्तचं. हेच काम लष्करी अळीपासून काढलेल्या एसएफ9 पेशी टाकीत वाढवूनही होतं पण त्याला महागडं मीडियम (पेशींना वाढायला लागणारं पोषक द्रव), स्टीलचा बायोरिअॅक्टर म्हणजे पेशी वाढवायची टाकी, निर्जंतुक हवा सगळं लागतं. जिवंत अळी साध्या खाद्यावर वाढते आणि एकेका अळीत भरपूर प्रोटीन मिळतं, खर्च वाचतो तो इथे. पण पॉलिहेड्रिन काढलेला व्हायरस खाण्यातून नीट लागत नाही म्हणून सहसा प्रत्येक अळीला सुई टोचावी लागते, शिवाय अळीतली घाण काढून प्रोटीन साफ करायचं कामही राहतंच.

तुमच्या दृष्टीने खरी अडचण मात्र वेगळी आहे. नेहमीची जिवंत लस (कमजोर केलेल्या व्हायरसची) पाण्यातून दिली की झालं, ही अळीतली लस अॅडज्युव्हंट (लसीचा परिणाम वाढवणारा पदार्थ) घालून एकेका कोंबडीला टोचावी लागते, म्हणजे लस स्वस्त झाली तरी मजुरी वाढली. त्यामुळे सध्याचं लसीकरण बंद करू नका, 3 ते 6 आठवड्यांच्या पिल्लांना गंबोरो सगळ्यात जास्त धरतो.