अंतर तेच, मग वेळ वेगळा का?

प्रश्न : दोन विमानतळांमधलं हवाई अंतर नकाशावर पट्टीने मोजलं तर चुकतं. बरोबर कसं काढायचं?

उत्तर : गोल पृथ्वी सपाट कागदावर उलगडली की अंतरं ताणली जातात, त्यामुळे पट्टी फसवते. लंडनहून लॉस एंजेलिसला जाणारं विमान ग्रीनलंडकडे चढतं, तो वळसा वाटतो. पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा, तोच जवळचा रस्ता निघेल.

आकडेमोडीसाठी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्या. अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिन्हींचा गुणाकार त्यात मिळवा. बेरजेचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) म्हणजे दोन ठिकाणांमधला कोन. दर अंशाला १११.२ किमी धरा. लंडन हीथ्रो (५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम) ते न्यूयॉर्क केनेडी (४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम) : बेरीज ०.६४५१, कोन ४९.८३ अंश, अंतर सुमारे ५,५४० किमी.

उत्तर भलतंच आलं तर आधी कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) नाही ना, ते बघा. दुसरी नेहमीची चूक अंश-मिनिटांची : ४० अंश ३८ मिनिटं म्हणजे ४०.३८ नव्हे, ४०.६३. एक ठिकाण पूर्वेला आणि दुसरं पश्चिमेला असेल तर रेखांशांची वजाबाकी नाही, बेरीज करायची.

प्रश्न : मग लंडनहून न्यूयॉर्कला जाताना आठ तास आणि परतताना सातच, असं का?

उत्तर : वाऱ्यामुळे. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी धरला, तर वारा नसताना वरचं अंतर ६ तास ९ मिनिटांत कापलं जाईल. समोरून १०० किमीचा वारा असेल तर ६ तास ५६ मिनिटं, पाठीमागून असेल तर ५ तास ३२. म्हणजे जाताना ४७ मिनिटं गेली, येताना ३७च वाचली! धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांसाठी वर तासभर धरा. वारा जोरात असला की गंमतच : फेब्रुवारी २०२० मध्ये एका प्रवासी विमानाने न्यूयॉर्क–लंडन ४ तास ५६ मिनिटांत गाठलं होतं.

प्रश्न : न्यूयॉर्क–लंडन तिकिटावरच्या वेळा वजा केल्या तर प्रवास बारा तासांचा दिसतो!

उत्तर : दोन्ही वेळा स्थानिक असतात. आधी दोन्ही ग्रिनिच वेळेत आणा, मग वजाबाकी करा. हिवाळ्यात लंडनची वेळ ग्रिनिचचीच असते, न्यूयॉर्क पाच तास मागे असतं. रात्री ९ ला निघालेलं विमान म्हणजे ग्रिनिचचे पहाटे २. लंडनला सकाळी ९ ला उतरलं, तर प्रवास सात तासांचा. मार्चमध्ये जपून : उन्हाळ्यासाठी अमेरिकेतली घड्याळं दुसऱ्या रविवारी तासभर पुढे होतात, ब्रिटनमधली शेवटच्या. मधल्या दिवसांत फरक चारच तासांचा असतो.